ओठ हललेला फोटो

"मग मला त्या कॅमेरा क्लबात धाडलंतच कशाला?"

सुदर्शन मगदूम उंबऱ्यातूनच ओरडला.

इंगवले बाई जमिनीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"चपला," त्या म्हणाल्या.

त्यानं चपला भिरकावल्या. एक पायरीवर राहिली, दुसरी रस्त्यात गेली.

"राजीनामा दिला मी. तोंडावर फेकून आलो त्यांच्या."

"बरं."

"बरं काय, बाई? तुमच्या शब्दाखातर वर्षभर गेलो तिथं. नाहीतर माझं काय अडलं होतं?"

बाईंनी एक शेंग उघडली. किडकी निघाली. ती त्यांनी बाजूला टाकली आणि दुसरी घेतली.

इंगवले बाई कोल्हापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. शाळा सुटली की कॅमेरा खांद्याला अडकवून पंचगंगेच्या घाटावर जायच्या. तिथं धुणं धुणाऱ्या बायकांचे त्यांनी काढलेले फोटो बघायला पुण्यामुंबईची माणसं यायची. शिष्य म्हणून त्यांनी कुणाला जवळ केलं नाही. सुदर्शन तेवढा चिकटून राहिला. लहानपणी त्यांच्याच वर्गात रंग सांडणारा हा पोरगा पुढं इंजिनिअर झाला, शिरोलीच्या फाउंड्रीत लागला, आणि दर रविवारी आपले फोटो घेऊन बाईंच्या दारात उभा राहू लागला. बाई बघायच्या आणि म्हणायच्या, "वा!"

त्या एका अक्षरावर त्याचा आठवडा निघायचा. सोमवारी कामावर तो चारचौघांशी जरा ताठच बोलायचा.

आणि एक दिवस बाई म्हणाल्या होत्या, "पुढच्या रविवारपासून इथं यायचं नाही. गावात कॅमेरा क्लब आहे. तिथं जा."

वस्तादानं तालमीतून हात धरून बाहेर काढावं, तसं त्याला झालं होतं. पण गुरूचा शब्द. मुकाट्यानं गेला.

"वर्षभरात चांगलं काय दिसलं तिथं?" बाईंनी आता विचारलं.

"काही नाही."

बाईंनी सोललेले दाणे हातानं सारखे केले आणि वाट बघत राहिल्या.

"असतंय की थोडंफार," तो चरफडत म्हणाला. "लेन्स मागितली तर कुणीही देतो. भल्या पहाटे जंगलात जायचं तर सोबत मिळते. पावसाळ्यात कॅमेऱ्याला बुरशी कशी लागू द्यायची नाही, कुठला फोटो कुठल्या कागदावर खुलतो, हे तिथंच कळलं मला. मी नाही म्हणत नाही."

"आणि वाईट?"

धरणाचं दार उघडावं तसा तो सुटला.

"एकाला रंकाळ्यावरचं धुकं सापडलं की पुढच्या महिन्यात सगळ्यांचं तेच धुकं! तालमीत जायचं, एका पैलवानाभोवती कोंडाळं करायचं आणि त्याला सांगायचं, माती उधळ रे. परत उधळ. आता उन्हाकडं तोंड करून उधळ. त्याचा व्यायाम राहिला बाजूला, हे माती उधळवून घेतायत! चहाला बसले की फोटोवर एक शब्द नाही. कुणाची लेन्स किती लांब, एवढंच. ह्यानं त्याला वा म्हणायचं, त्यानं ह्याला. अहो रूपम् अहो ध्वनिः! आणि कुणी एखादा काही वेगळं घेऊन आला, की सगळ्यांनी मिळून त्याला सोलायचं."

"तुला सोललं?"

"मला नाही." सुदर्शनचा आवाज चिरकला. "माझ्या आईला."

शेंग बाईंच्या हातात तशीच राहिली.

सुदर्शनची आई, पद्मा, त्याच शाळेत शिवण शिकवायची. मधल्या सुट्टीत ती आणि इंगवले बाई एका डब्यात जेवायच्या. एकीच्या पोळीवर दुसरीची भाजी. गेल्या हिवाळ्यात पद्मा दवाखान्यात गेली ती परत आली नाही.

"शेवटच्या आठवड्यातला फोटो," सुदर्शन सांगू लागला. "मी तिच्याजवळ बसलो होतो. संध्याकाळ होती. खिडकीतून असा उजेड आला, बाई... उशीवर, तिच्या हातावर. तसला उजेड मला जन्मात पुन्हा मिळायचा नाही. वार्षिक स्पर्धेला मी तोच फोटो दिला."

"का?"

"पहिला येईल म्हणून."

तो बोलून गेला, आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. पण राग अंगात मावत नव्हता. त्या रागानंच त्याला पुढं ढकललं.

"नावं न सांगता फोटो पडद्यावर दाखवतात. माझा आला तशी खोली गप्प झाली. मला वाटलं, जिंकलं! मग अध्यक्ष बोलले. निकम डॉक्टर. म्हणाले, उजेड झकास धरलाय. पण म्हातारीचं तोंड हललंय. सगळं कसं स्वच्छ, आणि ओठ तेवढे पुसट. अहो, मॉडेलला सांगायचं ना, आजी, जरा वेळ गप्प बसा म्हणून!"

त्यानं दाराच्या चौकटीवर मूठ आपटली.

"हसले, बाई. सगळेच्या सगळे हसले."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला.

"नालायक मेले," त्या म्हणाल्या.

सुदर्शनला जरा बरं वाटलं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"मग?"

"मग पोतनीस उठला. पोस्टातून निवृत्त झालाय. पक्ष्यांपलीकडं कशाचा फोटो काढत नाही, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. कधी तोंड उघडत नाही तो माणूस, नेमका काल उठला. म्हणाला..."



"काय म्हणाला?"

"म्हणाला, ही बाई गप्प कशाला बसेल? ती काहीतरी सांगतेय. फोटो काढणाऱ्यानं उजेड बघितला... तिचं ऐकलं नाही."

बाहेर एक रिक्षा थांबली, कुणीतरी उतरलं, रिक्षा गेली.

"मी उठलो आणि त्याची कॉलर धरली. भिंतीला नेऊन टेकवला. चारपाच जणांनी मिळून मला ओढून काढलं, तेव्हा सुटला. म्हटलं, ती माझी आई होती! कळलं का? आई होती माझी! मग सगळ्यांची तोंडं खाली. तिथंच राजीनामा खरडला, टेबलावर फेकला आणि निघालो."

"कॉलर कुणाची धरलीस?"

"सांगितलं की. पोतनीसाची."

"मॉडेल कोण म्हणालं?"

"डॉक्टर."

"हसायला सुरुवात कुणी केली?"

"डॉक्टरनंच."

बाई नुसत्या त्याच्याकडं बघत राहिल्या...

सुदर्शनची कानशिलं तापली. आणि सापडेल तो दगड उचलावा तसं त्यानं म्हटलं, "म्हणजे तुम्ही पण त्यांच्यातल्याच! तुम्हीही त्याच क्लबात होतात ना? मग कशाला सोडलात? तुम्हाला तर चहा करायला लावायचे म्हणे!"

बाई उठल्या. मांडीवरची टरफलं खाली सांडली.

"लावायचे! एकटी बाई होते मी तिथं. बक्षीस माझ्या फोटोला, आणि कप विसळायलाही मीच. एकदा किटली आपटली आणि घरी आले. परत पायरी चढले नाही. बरोबर केलं. आज असते तरी तेच केलं असतं."

"मग मी काय वेगळं केलं?"

बाईंनी भिंतीतलं कपाट उघडलं. आतून फोटोंचे गठ्ठे ओढून काढले आणि त्याच्यासमोर आदळले. फोटो टरफलांवर पसरले.

"बघ. हे सगळे क्लब सोडल्यानंतरचे."

सुदर्शन उकिडवा बसला. घाटाची दगडी पायरी, तिरकं ऊन, धुणं आपटायला हात वर केलेली बाई, हवेत उडालेलं पाणी. सुंदर. त्यानं दुसरा उचलला. तोही सुंदर. तिसरा उचलला. पायरी तीच, ऊन तेच, हात तसाच वर. त्यानं गठ्ठा भराभर उलटला. बायका बदलत होत्या. नऊवारी जाऊन पाचवारी आली, पाचवारी जाऊन गाऊन आला. हात तेवढा खाली येत नव्हता.

त्यानं पुन्हा पहिला फोटो शोधून काढला.

"बाई, हे..."

"बोल की."

त्यानं तो पालथा ठेवला.

"बोल! इतकी वर्षं बाई अप्रतिम, बाई अप्रतिम म्हणत आलास. आज दातखीळ बसली?"

"एकच... एकच फोटो आहे सगळा."

"हे मला कोण सांगणार होतं?" बाईंचा आवाज घरभर घुमला. "हलकट होते ते लोक. पण फोटो बघायचे! ते तिथं राहिले आणि मी इथं. पुढं ह्या दारातून जो आला तो वाकतच आला. त्यात तू एक!"

सुदर्शनलाही आता चढलं. त्यानं पिशवीत हात घातला आणि आईचा फोटो बाहेर काढला.

"मग तुम्ही सांगा ना! घ्या. बघा. त्या लोकांचं मला काही ऐकायचं नाही. तुम्ही सांगाल ते खरं."

बाईंनी फोटो घेतला. खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"पद्मा," त्या हळूच म्हणाल्या. आणि त्यांनी अंगठा त्या पुसट ओठांवरून फिरवला.

सुदर्शन वाट बघत होता. एका अक्षराची.

बाई वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांना त्या पाण्याचाही राग आला होता.

"मला नाही सांगता येणार."

"का?"

"मला ह्यात फोटो दिसतच नाही. पद्मा दिसते. कसा काढलाय, बरा की वाईट... काही कळत नाही मला. आणि तुझं आता मला काहीच कळत नाही. चिखलाचा फोटो आणलास तरी आवडतो. म्हणून तर हाकललं तुला इथून!"

त्यांनी फोटो त्याच्या हातात परत कोंबला.

"काय म्हणत होती ती?"

"कोण?"

"तुझी आई. तेव्हा. काय म्हणत होती?"

सुदर्शननं फोटोकडं बघितलं. उशी स्वच्छ होती. हाताची एकेक शीर स्वच्छ होती. बोटातली सैल झालेली अंगठीसुद्धा.

"ऐकलं नाही," तो म्हणाला.

"काय?"

"ऐकलं नाही, बाई. मी... फोकस लावत होतो."

बाईंनी खालून मूठभर टरफलं उचलली आणि त्याच्या अंगावर फेकली. लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण तो दोन्ही हातांत तोंड घालून बसला आणि त्याचे खांदे हलू लागले.

बाईंनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात फिरवला नाही, पाणीही आणलं नाही. पसरलेले फोटो गोळा करून त्यांनी कपाटात टाकले आणि दार लावलं. ते नीट बसेना, तेव्हा लाथेनं बसवलं.

"त्या डॉक्टरचं मी बघते," त्या म्हणाल्या. "शाळेत मीच शिकवलाय त्याला. तेव्हाही दुसऱ्याच्या चित्राला हसायचा."

सुदर्शननं बाहीनं तोंड पुसलं. राग गेला नव्हता. पण आता तो कुणावर काढावा, ते त्याला समजत नव्हतं.

"परत जाऊ म्हणता तिथं?"

बाई उरलेल्या शेंगा गोळा करू लागल्या.

"ते माती उधळणारे... ते अहो रूपम्वाले... सगळं तसंच असणार."

"असणार."

"कुणीतरी परत हसणार."

"हसणार."

तो उठला. दारापर्यंत गेला. रस्त्यात पडलेली चप्पल कुणीतरी उचलून कडेला ठेवली होती, ती पायात घालून तो पायरीवर थांबला.

"बाई... पोतनीसांची माफी मागू?"

"खबरदार!" बाई आतून कडाडल्या. "माफी मागून मोकळा होऊ नकोस. क्लबात त्यांच्या शेजारी बसायचं, पुढचा फोटो त्यांना दाखवायचा... राग घेऊन."