भरल्या गालांचा पहारा

पूर्वी काशी नगरीत एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या अरण्यात माकडाच्या योनीत जन्म घेतला होता. राजाचे नाव माकडांना ठाऊक नव्हते आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नव्हते. त्यांचे जग म्हणजे ओढ्याकाठची उंबरांची राई. बोधिसत्त्व तिथल्या कळपाचा पुढारी होता. अंगाने थोराड, बोलायला हळू. पौर्णिमेला तो ओढ्यातल्या खडकावर जाऊन बसे आणि सूर्य मावळेपर्यंत तोंडात काही घालत नसे. म्हातारपणी दात हलायला लागले की सगळ्यांनाच व्रते सुचतात, असे तरुण माकडे म्हणत. बोधिसत्त्व ते ऐकून घेई आणि हसे.

माकडाच्या दोन्ही गालांत एकेक पिशवी असते. घाईच्या वेळी फळे तीत कोंबायची आणि झाडावर जाऊन सावकाश चघळायची, अशी ही सोय. पण गाल भरलेले असले की हाक फुटत नाही. म्हणून कळपात एक जुना नियम होता. सगळे खाली पडलेली उंबरे वेचत असताना एकाने सावरीच्या शेंड्यावर पहारा द्यायचा, आणि पहारेकऱ्याने तोंड रिकामे ठेवायचे. जो हे मोडील त्याने कळप सोडायचा. त्या अरण्यात एकट्या माकडाचे आयुष्य किती, हे सगळ्यांना माहीत होते.

कळपात सोणिका नावाची एक तरुण माकडीण होती. तिचे पहिले पिल्लू मोरघारेने उचलून नेले होते. आता कुशीत दुसरे होते, आणि सोणिकेच्या जिवाला घोर लागला होता. पिल्लू झोपले की ती त्याच्या नाकाशी गाल नेऊन श्वास चालू आहे ना ते बघे. ते जागे असले की झोपत का नाही म्हणून काळजी. मन चिंती ते वैरी न चिंती, तशी तिची गत. आणि काळजी आली की हात आपोआप फांदीकडे जाई. पोट भरलेले असे, तरी उंबर गालात जाई, त्यामागून दुसरे, मग तिसरे. चव कसली, हे तिला विचारले असते तर सांगता आले नसते. रोज सकाळी ती मनाशी ठरवी, आजपासून नाही. ऊन वर येईपर्यंत दोन्ही गाल टम्म फुगलेले असत. मग स्वतःची लाज वाटे, आणि ती लाज गिळायलाही एखादे उंबर लागेच.

एका पौर्णिमेला पहाऱ्याची पाळी तिच्यावर आली. पिल्लाला कळपातल्या वयस्क वेलुका आत्याजवळ सोपवून ती सावरीवर चढली. जाताना चार उंबरे तिने गालात ठेवली होती. खायची नाहीतच, नुसती जवळ असू देत, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. थोड्या वेळाने पलीकडचे गवत हलले. वारा असेल, ती म्हणाली. पण वारा नसला तर? हाताने शेजारच्या उंबराची फांदी ओढली. बिबट्याचे ठिपके गवताबाहेर दिसले तेव्हा सोणिकेचे गाल काठोकाठ भरले होते. तिने हाक मारली. तोंडातून नुसते घुंघुं आले.

हाक आली ती खडकावरून. बोधिसत्त्वाचे तोंड उपासाने रिकामे होते. कळप झाडांवर पळाला, पण पिल्ले मागे राहिली. तेव्हा बोधिसत्त्व खडकावरून उडी मारून बिबट्याच्या तोंडासमोर आला, त्याला आपल्या मागे लावून ओढ्यापार घेऊन गेला आणि संध्याकाळी परतला. त्याच्या शेपटीचा शेंडा गेला होता.

कळप जमला. सोणिका पिल्लाला पोटाशी धरून खाली बघत होती. वेलुका आत्याने कुणाची भीड ठेवली नाही.

"जिला स्वतःचं तोंड राखता येत नाही, ती आमची पोरं काय राखणार? नियम तो नियम. उद्या हिनं निघावं."

ते बरोबर आहे असे सोणिकेलाही वाटत होते, आणि हेच सगळ्यांत वाईट होते.

बोधिसत्त्व म्हणाला, "नियम बरोबर आहे. पण हिला अजून एक पहारा द्या, पुढच्या पौर्णिमेचा. तोही चुकला तर ही जाईल, आणि हिच्याबरोबर मी जाईन."

पुढारीपण, राई, म्हातारपणाची सोबत असे सगळे त्याने एका वाक्यात पणाला लावले. वेलुका आत्या पुटपुटली की म्हाताऱ्याला शेपटीबरोबर अक्कलही सोडून गेली. पण तिनेही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सोणिका खडकावर आली आणि म्हणाली की मला आजपासून काही खायलाच देऊ नका. बोधिसत्त्वाने नको म्हटले. अंगावर पिणारे पोर आहे, पोटभर खा, तो म्हणाला; उपास म्हणजे पोटाला शिक्षा नव्हे. उपाशी बसले की आत कोण कोण मागते आहे ते ऐकू येते, एवढ्यासाठी तो असतो.

"पण आत कोण मागतंय ते मला ओळखूच येत नाही. सगळं भुकेसारखंच लागतं."

बोधिसत्त्वाने उंबराचे एक जून, खरखरीत पान तोडून तिच्या हातावर ठेवले. "हात फांदीकडे गेला की आधी हे पुढे कर. पोटाची भूक हळूहळू येते आणि पानालाही नाही म्हणत नाही. भीतीची भूक एकदम येते. तिला पान चालत नाही, गोडच लागतं आणि आत्ताच लागतं."

"आणि ती भीतीचीच निघाली तर?"

"तर भी, पोरी. पोटभर भी. भिताना खाऊ नकोस, एवढंच."

हे ऐकायला सोपे होते. सोणिका पहिल्याच दुपारी चुकली. दुसऱ्या दिवशी तिने पान पुढे केले आणि रागाने पानासकट उंबर खाल्ले. बोधिसत्त्व रागावला नाही. तो तिच्या शेजारी बसून राही. कधीमधी तिचा हात अर्ध्या वाटेत थांबू लागला. थांबला की आतून काहीतरी वर येई, आणि ती घाबरून पुन्हा खाई. पण थांबणे वाढत गेले.

पौर्णिमा आली. सोणिका सावरीवर चढली. या वेळी गाल रिकामे होते, आणि ते रिकामेपण तिला उघड्या दारासारखे वाटत होते. खाली तिचे पिल्लू वेलुका आत्याच्या अवतीभवती उड्या मारायला शिकत होते. खडकावर बोधिसत्त्व डोळे मिटून बसला होता. तो तिच्याकडे एकदाही बघत नव्हता.

मग गवतावरून एक सावली सरकली. सोणिकेचा हात शेजारच्या फांदीकडे गेला. पिकलेले उंबर ओठांना लागले. तिथे हात थांबला. तिने मनातल्या मनात पान पुढे केले, आणि पान नको होते. पोट तर सकाळपासून भरलेले होते. मग मागते आहे कोण? तिने पहिल्यांदाच वाट पाहिली. वर आले ते तिचे पहिले पिल्लू, तसेच, मोरघारेच्या नखांत लोंबणारे. त्या दिवसापासून ती त्याच्यासाठी एकदाही रडली नव्हती. प्रत्येक वेळी ते वर आले की तिने त्याच्यावर उंबरे लोटली होती.

उंबर हातातून सुटले. डोळ्यांतून पाणी वाहत असताना तिने वर पाहिले. सावली ढगाची नव्हती. उन्हाच्या बाजूने, पंख मिटून, मोरघार खाली येत होती.

सोणिकेची हाक साऱ्या राईत घुमली. वेलुका आत्याने पिल्लाला ओढून पोटाखाली घेतले आणि अंग आवळून बसली. मोरघारेची नखे नुसत्या पाचोळ्यात रुतली. ती रिकामीच उडून गेली.

पहारा संपल्यावर वेलुका आत्या दोन्ही हातांत पिकलेली उंबरे घेऊन सावरीखाली उभी राहिली. चुकले, असे ती म्हणाली नाही. तसा तिचा स्वभाव नव्हता. "घे गं, दमली असशील," एवढेच म्हणाली. सोणिकेने आधी एक जून पान तोडून तोंडात टाकले. सगळे बघत होते. तिने ते चावून चावून गिळले आणि दुसरे तोडले. मग स्वतःशीच हसून म्हणाली, "आत्या, खरंच भूक लागलीय." आणि तिने उंबरे घेतली.

बोधिसत्त्व सूर्य मावळेपर्यंत खडकावरून उठला नाही.

ही कथा सांगून धर्मोपदेश करणाऱ्या शास्त्यांनी आजच्या सभेकडे पाहिले आणि पूर्वजन्म जुळवून दाखवले. त्या वेळची सोणिका म्हणजे मागच्या रांगेत बाळाला मांडीवर घेऊन बसलेली ही उपासिका, जी सकाळी घेतलेले व्रत दुपारी मोडले म्हणून मान वर करीत नाही. वेलुका म्हणजे तिच्या शेजारी बसलेली तिची सासू. ते पिल्लू अजून तिच्याच मांडीवर आहे. आणि शेपटी तुटलेला पुढारी तो मीच होतो. बाई, मान वर कर. ओठांपाशी आलेला हात थांबवून, आत कोण रडते आहे ते ऐकण्याइतके धैर्य ज्याला असते, त्याच्या त्या गुणाला संयम म्हणतात.