एका शब्दात दोन हुकूम

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन उद्यावर आलं, तरी मुख्याध्यापक धारपांनी साठमबाईंची रजा नाकारली. वर सगळ्या शिक्षकांसमोर सुनावलं, "म्हातारीचं निमित्त करून शाळा बुडवता?"

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "सर, माझ्या आईबद्दल नीट बोला!"

धारपांनी दाराकडे बोट केलं आणि ते गरजले, "लीव्ह!"

इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी पर्स उचलली. "सर, इंग्रजीत हे मुळात दोन शब्द होते. एकाचा अर्थ निघून जा, दुसऱ्याचा परवानगी, म्हणजेच रजा. कोणता ते तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मी दोन्ही मानते. साक्षीला सगळे आहेतच."

हशा पिकला. धारप दारापर्यंत येईस्तोवर बाई एसटी स्टँडवर पोहोचल्यादेखील.