कींऽऽ करणारी गाडी आणि ठमी उंदरी

एक होती उंदरी. नाव तिचं ठमी. तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिचं बीळ. बिळात दोन पिल्लं.

ठमी गेली दाणे आणायला. तुरुतुरु, तुरुतुरु. परत येऊन बघते तर काय? बिळावर चाक! गाडीचं मागचं चाक! आतून पिल्लं ओरडतात, "चूं चूं! आई, भूक!" ठमीला रडूच फुटलं.

गाडी खंडूदादाची. पिकअप गाडी, कडब्याने भरलेली. ब्रेक दाबला की ओरडायची, "कींऽऽऽ!" मग खंडूदादा काय करायचा? गाणं मोठं करायचा! भारीच शहाणा! आज ब्रेक दाबला, तरी गाडी पुढेच गेली. थांबली ती ठमीच्या दारात.

"खंडूदादा, गाडी हलव! माझ्या बिळाचं दार उघडेना!"

"नको गं बाई! ब्रेकचे पॅड झिजलेत. हलवली तर थेट तळ्यात, डुबुक! अन्वरचाचाने पॅड बदलले, तर हलवीन."

ठमी गेली मिस्त्रीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"अन्वरचाचा, पॅड बदला! खंडूदादा गाडी हलवीना, माझ्या बिळाचं दार उघडेना!"

"पॅड पुढच्या चाकात असतात. ते काढायला हवं, बेटा. जॅकने गाडी उचलली, तर बदलीन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"जॅकभाऊ, गाडी उचल! चाचा पॅड बदलीना, खंडूदादा गाडी हलवीना, माझ्या बिळाचं दार उघडेना!"

"गाडी घसरेल ना! चाकाला दगड लागला, तर उचलीन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"दगडोबा, चाकाला लाग! जॅक गाडी उचलीना, चाचा पॅड बदलीना, खंडूदादा गाडी हलवीना, माझ्या बिळाचं दार उघडेना!"

"कसा येऊ? म्हैस रेललीय माझ्यावर. ती उठली, तर येईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"म्हशीबाई, ऊठ! दगड चाकाला लागेना, जॅक गाडी उचलीना, चाचा पॅड बदलीना, खंडूदादा गाडी हलवीना, माझ्या बिळाचं दार उघडेना!"

"हम्माऽऽ! कडबा दे, मग उठीन."

कडबा? आता कडबा कुठला आणू? ठमीने नाक पुसलं. वर बघितलं. अगंबाई! गाडीत कडबाच कडबा!

ठमी चढली. सरसर, सरसर. दोरी कुरतडली. कुरतुड, कुरतुड. पेंढी पडली म्हशीपुढे, धप्प!

म्हैस उठली. दगड निघाला, गडगड गडगड. चाकाला लागला. जॅकने गाडी उचलली. चाचाने पुढचं चाक काढलं.

"अरे खंडू, हा पॅड आहे का पापड? कींऽऽ ऐकलं की लगेच दाखवायचं. पातळ झाला की बदलायचा. गाणं मोठं करून ब्रेक लागतो होय रे?"

खंडूदादाने कान पकडले.

नवे पॅड बसले. खटक, खटक! चाक बसलं. जॅक उतरला. दगड बाजूला झाला. गाडी मागे सरली. ब्रेक दाबला. गपकन उभी! ओरडली नाही, घसरली नाही.

आणि बिळाचं दार उघडलं!

ठमी आत घुसली. पिल्लं बिलगली. "आई गं, होतीस कुठे?"

"गाडी दुरुस्त करत होते, बाळांनो!"

पिल्लांनी दाणे खाल्ले, मटामट. पोट झालं टुम्म, गोष्ट झाली गुडुप.