रक्तद्रवाचे तीन भाग

“...आणि उरलेल्या दोन भागांचं काय करायचं?” डॉ. मुजावरांनी विचारलं.

“फेकायचे,” केतकी म्हणाली.

सर्पदंशावरचं औषध बनवणाऱ्या त्या संस्थेत मुजावर सरांची तीस वर्षं गेली होती. केतकी आठल्ये त्यांची शेवटची विद्यार्थिनी. नाग, फुरसं अशा वेगवेगळ्या विषारी सापांचं विष थोडं थोडं टोचलेल्या घोड्याच्या रक्तद्रवातून तिने विषाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचे तीन प्रकार वेगळे काढले होते. दोन वर्षं खपून.

“पहिल्या प्रकाराने सगळे उंदीर वाचले, सर. बाकीच्या दोन्हींनी एकही नाही. इतकी वर्षं आपण माणसांना गाळासकट देतोय.”

“उंदरांना विष कोणतं दिलंस?”

“नागाचं.”



तेवढ्यात सापघरातून ओरडा आला. सापांची देखभाल करणाऱ्या काशीरामला विष काढताना फुरसं चावलं होतं. अंगठ्याला.

सरांनी त्याचं रक्त काचेच्या नळीत घेतलं. वीस मिनिटं ती तशीच उभी ठेवली; निरोगी रक्त तेवढ्या वेळात गोठतं. मग नळी तिरपी केली.

रक्त पाण्यासारखं वाहिलं.

त्याच्या हिरड्यांतूनही ते येऊ लागलं होतं.

“ताई, घरी सांगू नका इतक्यात,” तो म्हणाला.

सर केतकीकडे वळले. “कोणतं देऊ? तुझं, की गाळासकटचं?”

फुरशाच्या विषावर तिने काहीच तपासलं नव्हतं. याला वाचवणारं नेमकं त्या फेकायच्या भागांत असलं तर...

“नेहमीचं,” ती कशीबशी म्हणाली.

मग तिला दिसलं. नेहमीच्या बाटल्या सरांनी आधीच उघडल्या होत्या.

औषध थेंब थेंब जाऊ लागलं. घोड्याच्या रक्तद्रवाची उलट प्रतिक्रिया येऊन काशीरामला हुडहुडी भरली, ओठ सुजले. ती आवरायला सरांनी घाईने दुसरं इंजेक्शन दिलं. केतकी त्याचे श्वास मोजत बसली.

संध्याकाळी पुन्हा रक्त घेतलं. नळी तिरपी करायला तिचा हात उठेना. सरांनीच केली.

रक्त गोठलं होतं. हललं नाही.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर केतकी म्हणाली, “सर, मी फार घाबरले. डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं. हे काम करायचं तर ही भीती काढून टाकायला हवी.”

सर तबेल्याकडे वळले.

“तीन भाग वेगळे काढलेस, तेवढे पुरे,” ते म्हणाले. “‘नेहमीचं’ म्हणायला त्या भीतीनेच लावलं ना? हा चौथा राहू दे आत.”