संगमरवरातली सावली

एका राज्यात आवडाबाई नावाची बाई राजवाड्याच्या जमिनी सारवून-पुसून राखी. तिची लेक रेवा तिच्या हाताखाली काम करी. ओल्या सारवणावर, ते वाळेपर्यंत, राजानेही पाऊल टाकायचे नाही, असा तिथला रिवाज होता.

एके सकाळी रेवाने अंगण सारवले, आणि दारात कालदंड जादूगार आला.

"जरा थांबा, महाराज. जमीन ओली आहे."

"मला थांबवतेस?" म्हणत तो सारवणावरून चालत आला आणि त्याने काठी आपटली. पाण्यात खडा बुडावा तशी रेवा जमिनीत बुडाली.

आवडाबाई धावत आली. जादूगार म्हणाला, "अंगण, लाकडी माडी, संगमरवरी दरबार. सूर्यास्तापर्यंत तिन्ही निर्मळ कर. एक डाग राहिला, तर लेक कायमची खाली."

शापापुढे राजा मधुकेतूचेही काही चालेना. त्याने आपली बोलकी साळुंकी दिली. "ही सूर्यावर नजर ठेवील, बाई."

अंगणातली जादूगाराची पावले सारवणाने बुजेनात. पुन्हा पुन्हा वर येत. आवडाबाईने सगळी जमीन खरवडली, नवी माती चोपली, मागे सरकत सारवली. पावले गेली.

"सूर्य डोक्यावर," साळुंकी म्हणाली.

माडीवर बादली दिसताच फळ्या ओरडल्या, "पाणी नको, आम्ही फुगू!" तिने फडके घट्ट पिळले, लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसले, जवसाचे तेल जिरवले. फळ्या गप्प झाल्या.

"सूर्य चार हात वर."

दरबारात मधोमध एक काळा डाग होता.

"लिंबू चोळा, झटकन निघेल," प्रधान म्हणाला.

"लिंबू संगमरवर खातं, प्रधानजी. तुमच्या पितळेला चोळा."

तिने ओल्या फडक्याने डाग घासला. खालून आवाज आला, "आई, दुखतंय."

फडके तिच्या हातून गळले. तो डाग म्हणजे रेवाची सावली होती.

दरबाराच्या दारात उभा जादूगार हसला. "डाग पुसलास तर लेक पुसली जाईल. ठेवलास तर शाप आहेच."

आवडाबाईने डागाच्या कडेवरून बोट फिरवले. दगडात तेल मुरले, तर ती कधी घासत नसे. खडूच्या भुकटीचा ओला लेप थापी. वाळता वाळता लेप तेल वर ओढून घेई. तिने डागाएवढा लेप थापला आणि शेजारी बसली.

"दोन हात."

राजाला राहवेना. "काढा आता, बाई!"

"ओला आहे, महाराज. आत्ता काढला, तर अर्धीच येईल."

"एक हात."

लेपाच्या कडा पांढऱ्या पडल्या. मध्यभाग ओलाच होता. आपले हात पुढे जातील या भीतीने तिने ते मांडीखाली दाबून धरले.

"वीतभर. बाई, वीतभरच!"

ती हलली नाही.

"बोटभर..."

लेपाला बारीक तडा गेला. आवडाबाईने कडेखाली तळवा सरकवला आणि लेप अलगद उचलला. तो उचलला गेला तशी खालून रेवा उठली, डोक्यापासून पायापर्यंत खडूने पांढरी, खोकत. दगडावर डाग नव्हता. तेवढ्यात सूर्य मावळला.

कालदंडाच्या काठीचा भुगा झाला. शिपायांनी त्याला राज्याबाहेर नेले.

"आई, इतका वेळ लावलास?"

"मध्येच काढला असता, तर नाक खालीच राहिलं असतं तुझं," आवडाबाई म्हणाली. मग तिने पदराने लेकीच्या तोंडावरचा खडू पुसला.

असा शाप उतरला, राजवाडा निर्धास्त झाला. आणि त्या मायलेकींच्या घरी उशिरा का होईना, चूल पेटली.