गाडीला हात लावू नका

“म्हणजे ठेवू जशीच्या तशी, का बदलू? एवढंच सांगा, बुवा.”

रणधीरनं मठातल्या हिम्मतगिरी बुवांना विचारलं. बैलबाजारात बैलाभोवती फिरावं तसे ते गाडीभोवती फिरत होते. शेपटीकडनं तोंडाकडं, तोंडाकडनं शेपटीकडं.

गाडी होतीच तशी. लालभडक, विलायती, शर्यतीची. दोघांनीच बसायची, कापडी छपराची, अन् जमिनीला इतकी टेकलेली की कोंबडीनं खालनं जाताना मान वाकवावी.

बुवांनी तिच्या पाठीवरनं हात फिरवायला हात पुढं केला.

“हात लावू नका, बुवा!” रणधीर मधी पडला. “घामानं रंग जातो.”

बुवांनी हात मागं घेतला. “पयला रंग हाय व्हय?”

“कंपनीचा. बाबांनी घेतली तेव्हाचा. आजतागायत एक स्क्रू बदललेला नाही. आख्ख्या जिल्ह्यात अशी अस्सल गाडी दुसरी नाही.”

“मग पळत असंल झकास.”

“पळवत नाही.”

“आं?”

“पळवली की झिजते.”

बुवांनी मठाच्या दाराशी उभ्या टेम्पोकडं बघितलं. आता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. गाडी आपल्या चाकांनी आलीच नव्हती. टेम्पोत बसून आली होती, खाली गादी, वर ताडपत्री, अन् आत्ताच फळ्या लावून तिला अलगद उतरवलेली. वाटभर रणधीर तिच्याजवळ उभा राहून झाडाच्या फांद्या वारत आला होता. अन् त्याची आई, सगुणाबाई, पुढं ड्रायव्हरशेजारी धक्के खात.

त्या सगुणाबाई आता मठाच्या पायरीवर गुडघे चोळत बसल्या होत्या. पोराशी त्यांनी नवरात्रापासून बोलणं टाकलं होतं. काही सांगायचंच झालं तर दुसऱ्याच्या तोंडून सांगायच्या. रणधीर एवढा शिकलेला, चार माणसांत उठबस असलेला, पण आईच्या ह्या अबोल्यानं त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. म्हणून तर मठात आला होता.

“बुवा, त्याला सांगा,” सगुणाबाई म्हणल्या, “माझा भाऊ घाटापल्याड अंथरुणाला खिळलाय. भाऊबीजेला त्याला येववत न्हाई, मग मी जाणार. अन् जाणार ती ह्याच गाडीतनं. ह्याचा बाप मला ह्यातनंच म्हायेरी न्यायचा. घाटात माझा पदर फडाफडा उडायचा, अन् भाऊ लांबनं लाल ठिपका बघून वेशीवर येऊन उभा ऱ्हायचा.”

“मग जावा की, आक्का.”

“घाटात ब्रेक धरत नाहीत,” रणधीर म्हणला. “मिस्त्री म्हणतो, नवे बसवा. अन् सीट इतकी खाली आहे की आईला बसता येतं, उठता येत नाही. मागं एकदा बसली तर दोघांनी धरून काढली.”

“तिघांनी. बुवा, त्याला सांगा, तिघांनी. अन् ह्यो शेजारी उभा राहून वरडत होता, ‘कातडं सांभाळा, कातडं!’ मला वाटलं लेकाला माझी काळजी. ह्यो आपला सीटचं म्हणत होता.”

टेम्पोचा ड्रायव्हर तोंड फिरवून हसला.

“मग बसवा नवे ब्रेक,” बुवा म्हणले. “सीट उचला वर.”

“कसं उचलू? दिवाळी झाली की पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. परीक्षक येतो, भिंग घेऊन खाली वाकतो. एक जरी वस्तू मागनं घातलेली दिसली की संपलं. यंदा पहिला नंबर आपलाच आहे, बुवा... बाबांचं नाव होईल. तुम्ही फक्त आईला सांगा, गाडीला हात लावायचा नाही. तुमचा शब्द ती मोडायची नाही.”

“व्हय का, आक्का?”

“व्हय. बुवा न्हाई म्हणले तर न्हाई. मी आपली एसटीनं जाते. अन् जाते ती तिकडंच ऱ्हाते. ह्यानं अन् गाडीनं मिळून संसार करावा.”

आई बोलते तसं करते, हे रणधीरला पक्कं ठाऊक होतं.

बुवा गाडीच्या तोंडाशी उकिडवे बसले. दिव्यांच्या काचेत आपली दाढी बघत म्हणले, “दसऱ्याला पुजली का न्हाई?”

“पुजली की.”

“कुकू कुठं दिसंना.”

“कुंकवाचा डाग जात नाही.”

“लिंबू-मिरची?”

“ती कंपनीनं दिलेली नव्हती.”

“बरं, झेंडूचा हार तरी?”

“झेंडूचा पिवळा रंग उतरतो, बुवा. म्हणून मी युक्ती केली. गाडीचा मोठा फोटो काढून दिवाणखान्यात लावलाय. त्याला घातला हार. उदबत्ती पण लावली.”

ड्रायव्हर तंबाखू मळता मळता थांबला.

बुवा हळूच उठले. डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं. मान खाली घातली. अन् अगदी जड आवाजात विचारलं,

“कधी गेली?”

“कोण?”

“गाडी.”

सगुणाबाईंनी पदर तोंडात कोंबला. तरी खांदे हलायचे ते हललेच.

रणधीरचे कान गाडीच्या रंगाचे झाले. हार घालताना त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटलं, अन् ते दुसऱ्यानं दाखवलं म्हणून राग आला.

“चेष्टा पुरे, बुवा. मी एवढ्या लांबनं उत्तर घ्यायला आलोय. पोथीतलं नको, कीर्तनातलं नको, लोकांना सांगून सांगून गुळगुळीत झालेलं नको. तुमचं स्वतःचं सांगा. अस्सल. वर चिकटवलेलं काही नको त्यात.”

“अस्सल पायजे?”

“एकदम.”

“वरनं घातलेलं कायबी नको?”

“अजिबात नको.”

“बघ हां...”

बुवांनी तोंडात दोन बोटं घातली. खट् झालं. मग दुसऱ्यांदा खट् झालं. वरची अन् खालची, दोन्ही कवळ्या बाहेर आल्या, अन् बुवांनी त्या नीट जोडीनं गाडीच्या बॉनेटवर मांडल्या.

“बुवा! पॉलिश!”

बुवांचे गाल आत गेले. नाक अन् हनुवटी एकमेकांना भेटायला निघाली. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला, अन् बोलायला लागले.

“फाफा फो... फफफ भाऽभी... फुफु भाभ फे फे...”

रणधीर पुढं वाकला. कान देऊन ऐकू लागला.

बुवा थांबेनात. घाटाकडं हात केला. आभाळाकडं केला. छातीवर थाप मारली. एकदा तर त्यांचे डोळे भरून आले, आवाज कापला. शब्द असा एकही हाताला लागत नव्हता. लागत होते ते थुंकीचे थेंब. तेही कंपनीच्या रंगावर.

“आई... काय म्हणतायत ते?”

सगुणाबाईंनी ड्रायव्हरकडं बघितलं. “त्याला सांगा, अस्सल हाय. मुकाट्यानं ऐकावं.”

“फाफू भफा,” बुवांनी दुजोरा दिला.

रणधीरनं हात जोडले. “बुवा... कवळी घाला.”

बुवांनी कानाला हात लावला. ऐकू आलं नाही म्हणे. ऐकायला दात लागत नाहीत, पण कोण बोलणार?

“कवळी घाला, बुवा! पाया पडतो!”

बुवांनी तांब्यातल्या पाण्यात कवळ्या खळबळल्या. एकेक बसवली. जबडा हलवून बघितला, दोनदा दातांवर दात आपटले.

“मगाशी काय झकास बोललो गा. तसं परत जमायचं न्हाई.”

“नसू दे. आता सांगा.”

“ही माझी न्हाई हां. तालुक्याच्या शिबिरात बसवलीया.”

“चालेल.”

“मागनं बुवा बिघडला म्हणशील.”

“नाही म्हणत...”

एवढं बोलला, अन् रणधीरला आपलेच शब्द ऐकू आले.

बॉनेटवर दोन ओले अर्धगोल उमटले होते. त्यानं खिशातनं पुसायचं मऊ फडकं काढलं. हातात धरलं. पायरीकडं नजर गेली. सगुणाबाई खांबाला धरून उठायला बघत होत्या. एक गुडघा उठत होता, दुसरा खाली बसत होता. घाटाकडं त्या बघत नव्हत्या. बघायचं नाही असं ठरवून बघत नव्हत्या.

रणधीर गेला. आईच्या काखेत हात घातला, तिला उभं केलं.

फडकं त्याच्या हातातच होतं. त्यानंच त्यानं आईच्या लुगड्याला लागलेली पायरीवरची धूळ झटकली.

“मिस्त्री म्हणतो, भाऊबीजेच्या आत होतंय,” तो म्हणला. कुणालाच नाही, असा म्हणला.

ड्रायव्हरनं सगुणाबाईंकडं बघितलं. आता निरोप पोचवायचा आपल्यालाच, म्हणून तो तयारीत होता.

“रणू,” सगुणाबाई थेट म्हणल्या, “सीट चांगली वर उचलाय सांग. मला वेशीवरचा माणूस दिसला पायजे.”

“सांगतो.”

“अन् लिंबू-मिरची मी बांधणार.”

रणधीरनं डोळे मिटले. “बांध.”

फळ्या लावल्या. गाडी परत टेम्पोत चढली. चढताना बुवांनी पाठीमागनं तिला दोन्ही पंजांनी रेटा दिला, अन् रणधीर काही बोलला नाही.

टेम्पो निघायला लागला, तशी त्याला धास्ती बसली. चालत्या टेम्पोतनं उडी मारून तो धावत मठाच्या दारात आला.

“बुवा! पण त्या पुण्याच्या परीक्षकाला काय सांगू? तो विचारणार. गाडी कुठाय म्हणून विचारणारच...”

बुवा तांब्या पालथा घालत होते.

“सांग, म्हायेरी गेलीया.”