न उघडलेला शेला

एका राज्यात सिंहासनावर राजा बसत नसे, राजाचं कापड बसत असे. रोज सकाळी प्रधान त्या कापडाची घडी दोन्ही हातांवर घेऊन येई, सिंहासनावर ठेवी, आणि सारा दरबार उठून मुजरा करी. कापडाला लोक राजपट म्हणत. पटावर राजा उमटलेला होता, राजाचा हत्ती उमटलेला होता, आणि राजाच्या डोक्यावर छत्र धरणारा भानजी उमटलेला होता. तिघेही जिवंत होते, फक्त कापडात होते. राजा बोलत नसल्यामुळे कारभार बरा चाललाय, असंही काही जण हळूच म्हणत.

हे कसं झालं ते आधी ऐका, नाहीतर मधेच विचारत बसाल.

नदीच्या पैलतीरी हिरडाई नावाची चेटकीण राही. चेटकीण ती नंतर झाली, आधी ती रंगारीण. तिने राजासाठी बांधणीचा शेला केला. बांधणी म्हणजे काय, तर कापड चिमटीत धरून दोऱ्याने गाठ आवळायची, अशा गाठीवर गाठी, आणि मग कापड रंगात बुडवायचं. गाठीच्या आत रंग शिरत नाही, तिथे पांढरी नक्षी उठते. आणि रीत अशी, की बांधणी द्यायची ती गाठींसकट. गाठी सोडायच्या त्या घेणाऱ्याने, स्वतःच्या हाताने. करणारीनेच उघडून आणली तर लोक म्हणणार, ही बांधलेली कशावरून, ठसा मारून आणली असेल. हिरडाईने रीतीप्रमाणे गाठींसकट शेला राजापुढे ठेवला. गाठींनी आवळलेलं कापड ते, दिसायला सुकलेल्या आल्यासारखं. राजाने हातसुद्धा लावला नाही.

"फिका आहे," राजा म्हणाला.

"उघडून पाहावा, महाराज."

"फिका तो फिकाच. घेऊन जा."

हिरडाई पेटली. अहो, कोणीही पेटेल! बोटांची सालटी जाईपर्यंत गाठी मारायच्या, आणि या गृहस्थाने न उघडताच नाक मुरडायचं? ती म्हणाली, "न उघडता फिका म्हणालास. आता तू कापडात राहा आणि फिका पडत जा. हा शेला स्वतःच्या हाताने उघडशील, त्या दिवशी सुटशील." एवढं बोलून तिने रंगाचा तळवा दरबारच्या पडद्यावर आपटला. राजा पडद्यात गेला, दाराशी झुलणारा हत्ती गेला, आणि छत्र धरून उभा असलेला भानजीही गेला. भानजीचा दोष काय? काही नाही. तो जवळ उभा होता. तो पडदा म्हणजेच हा राजपट. हिरडाई शेला घेऊन नदीपार निघून गेली.

आता फिकं पडण्याची गोष्ट. दरवर्षी दसऱ्याला प्रधान राजपट वेशीवर टांगी, प्रजेला दर्शन व्हावं म्हणून. दिवसभर पट उन्हात राही. राजाच्या डोक्यावर छत्र होतं. कापडातलं असलं तरी छत्र ते छत्रच, त्याची सावली पडे आणि राजाचा रंग टिके. हत्तीचं कातडं जाड, तोही टिकला. ऊन खाल्लं ते भानजीने. एका वर्षी त्याचा अंगरखा उडाला, पुढे पाय उडाले, पुढे छाती. भानजीची बायको गोजरा दर दसऱ्याला वेशीशी येऊन उभी राही. ती निळारीण होती, कापडाला निळा रंग चढवणाऱ्या घरातली, त्यामुळे रंग कसा जातो हे तिला कोणी सांगायला नको होतं. एका दसऱ्याला तिने पाहिलं, तर नवऱ्याच्या मिशा उरल्या होत्या आणि छत्राच्या दांड्यावरची मूठ. बाकी नुसतं कापड. पुढच्या दसऱ्याला काय उरणार?

ती तडक प्रधानाकडे गेली.

"प्रधानजी, पट उन्हात टांगू नका. माझा नवरा उडून चाललाय."

"प्रजेला दर्शन हवं. राजा तर जसाच्या तसा आहे."

"छत्र माझ्या नवऱ्याच्या मुठीत आहे. मूठ गेली की छत्र पडेल. मग ऊन कोणाला लागेल?"

प्रधानाने कपाळाचा घाम पुसला. हा विचार त्याला सुचलाच नव्हता.

"तुझं म्हणणं काय?"

"मी हिरडाईकडून शेला आणते. आणला, तर पट माझ्या हाती द्यायचा."

"दिला," प्रधान म्हणाला. ती परत येईल असं त्याला मुळीच वाटलं नव्हतं, म्हणून तो इतक्या चटकन म्हणाला.

गोजरा नदीवर आली. नदी दुथडी भरून वाहत होती. काठच्या वाळक्या फांदीवर एक खंड्या बसला होता, पाठीने निळा, पोटाने तांबूस.

"पलीकडे जायचंय? मी सांगतो नदीला," खंड्या म्हणाला. "माझ्या शब्दाबाहेर नाही ती. एकदा काय झालं..." आणि त्याने जी बडबड लावली ती काही थांबेना. अखेर नदीच कंटाळली आणि दोन्ही अंगांना सरकली. गोजरा कोरड्या पायांनी पार झाली. खंड्या वरून बोलतच राहिला.

हिरडाई चुलीवरचं रंगाचं भांडं ढवळत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"कोण?"

"गोजरा. छत्रधराची बायको. शेला न्यायला आले."

"शेला मागून मिळत नाही. तीन कापडं आण. एक वाऱ्याने रंगवलेलं. एक पाण्याने लिहिलेलं. एक न लावलेल्या रंगाचं."

"नाही जमलं तर?"

"माझी भिंत रिकामी आहे. तू तिथे शोभशील."

गोजराने नदीकाठी चूल मांडली, मडकी मांडली.

पहिलं कापड तिच्या घरचंच होतं. तिने चुना आणि गूळ घालून मडक्यात नीळ आंबवली. रंग तयार झाल्याचा वास सुटला, तसा खंड्या नाक नसूनही दोन फांद्या लांब जाऊन बसला. तिने कापड बुडवलं, वर काढलं. कापड पिवळट हिरवं, अगदी कुजक्या पाल्याच्या रंगाचं. "बिघडलं!" खंड्या ओरडला. गोजराने काही न बोलता कापड दोरीवर टाकलं. वारा लागला तसतसं कापड निळं होत गेलं, कडेने आधी, मग मध्ये. नीळ मडक्यात चढत नाही, वाऱ्यावर चढते. हिरडाईने कापड पाहिलं आणि "हं," म्हणाली.

दुसऱ्याने मात्र गोजराला रडवलं. पाण्याने लिहायचं कसं? पाणी वाळलं की गेलं! तिने पळसाच्या फुलांचं पाणी करून पाहिलं, ते धुण्यात निघून गेलं. हळद घातली, ती उन्हात विरली. मंजिष्ठेच्या मुळ्या उकळल्या, लालभडक पाणी झालं, कापड बुडवलं, आणि धुतलं की पुन्हा आपलं मळकट गुलाबी. निळाऱ्याच्या घरात लालाचं काम कोणी केलेलंच नव्हतं. कापडामागून कापड वाया गेलं. दसरा जवळ येत होता. एके दिवशी ती गढूळ पाणी निवळावं म्हणून हंड्यात तुरटी फिरवत होती, तेवढ्यात वाऱ्याने दोरीवरचं कापड उडालं. तिने तसंच ओल्या हाताने धरलं आणि वैतागून मंजिष्ठेच्या पाण्यात टाकून दिलं. काढून धुतलं, तर कापड नेहमीसारखं मळकट, पण त्यावर तिची पाच बोटं लालबुंद! चोळली, आपटली, तरी जाईनात. "अगं बाई!" ती मोठ्याने म्हणाली. तुरटीने रंगाला धरून ठेवलं होतं. मग तिने काडी घेतली, तुरटीच्या पाण्यात बुडवली, आणि कोऱ्या कापडावर भानजीचं नाव लिहिलं. वाळल्यावर काही म्हणजे काही दिसेना. मंजिष्ठेच्या पाण्यात उकळून काढलं, आणि नाव लाल उमटून आलं. हिरडाईने ते कापड जरा जास्त वेळ हातात धरलं.

तिसऱ्याचा उलगडा गोजराला आपोआप झाला. न लावलेला रंग म्हणजे पांढरा, जो गाठीच्या आत राहतो तो. उलगडा झाला तरी हात वळायला हवा ना! तिने ज्वारीचा एकेक दाणा कापडात धरून गाठी मारल्या, नीळ चढवली, आणि एक गाठ सोडून पाहिली तर आत निळं ओघळलेलं. गाठ सैल. पुन्हा बांधली, पुन्हा ओघळ. मग तिने करंगळीचं नख वाढू दिलं, त्याने कापड उचलून धरायला शिकली, दोऱ्याला मेण लावलं. नव्या कापडावर गाठी मारून झाल्या, रंग चढवून झाला, कापड वाळलं.

"आता उघडून बघ की," खंड्या म्हणाला. "आत निळं शिरलं असेल तर? भिंतीवर जायचंय का तुला?"

गोजराचा जीव खालीवर होत होता. एक गाठ, फक्त एक गाठ सोडून पाहावी, असं तिला फार वाटलं. पण तिने सोडली नाही. तशीच उठली आणि गाठींचं कापड हिरडाईपुढे ठेवलं.

"उघड," हिरडाई म्हणाली.

"मी नाही उघडायची. बांधणी घेणाऱ्याने उघडायची."

हिरडाईचा हात भांड्यातच थांबला. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते तिने लपवलं नाही. मग तिने कापडाची दोन टोकं धरली आणि ओढली. गाठी तडतडत सुटल्या, ज्वारीचे दाणे जमिनीवर उडाले, निळ्यावर पांढरे ठिपके उठले. एका कोपऱ्यात ठिपका ओघळला होता.

"इथे सैल होती," हिरडाई म्हणाली.

"होती."

"दोरा दोनदा फिरव. शेला त्या फडताळात आहे. ने."

गोजरा शेला घेऊन दरबारात आली, तेव्हा दसऱ्याला पट टांगायची काठी बाहेर काढलेली होती. प्रधानाने शब्द पाळला, पट दिला. पण दरबारात खसखस पिकली. शेला मिळाला खरा, राजा तो उघडणार कसा? राजाचे हात कापडात! प्रधानाने शेला राजाच्या चित्रापाशी नेला, अदबीने धरून ठेवला. काहीच झालं नाही.

गोजरा पटाकडे बघत राहिली. मग तिने राजाची उमटलेली मूठ करंगळीच्या नखाने वर उचलली, कापडाची चिमटी केली, त्यात शेल्याचं एक टोक धरलं आणि दोरा गुंडाळून गाठ आवळली. दोनदा फिरवून. आता शेल्याचं टोक राजाच्या मुठीत होतं.

"प्रधानजी, शेल्याचं दुसरं टोक धरा. मी पट ओढते. ओढ राजाच्या मुठीला बसेल, गाठी राजाच्या हाताने सुटतील."

"पट कुठे धरणार?"

गोजराने राजाच्या पाठीमागे बोट दाखवलं. ओढ सरळ बसायला पट राजाच्या पाठीमागच्या कडेला धरायला हवा होता. तिथेच भानजी उभा होता. आणि ती कड इतक्या वर्षांच्या उन्हाने कुजली होती.

"फाटेल," प्रधान म्हणाला. या खेपेस तो खरोखर काळजीने म्हणाला. "राजा सुटेल, बाई. पण तुझा माणूस हातात फाटेल."

"नाही ओढलं तर उडेल," गोजरा म्हणाली. तिने भानजीची मूठ आपल्या मुठीत धरली, मिशा तळव्याखाली आल्या, आणि ती कापडाला म्हणाली, "अहो, दुखेल. सोसा."

तिने ओढलं. तड, गाठ सुटली. पुन्हा तड. मग तिच्या मुठीखालचा एक धागा तुटला, त्याचा आवाज साऱ्या दरबाराने ऐकला. गोजरा रडत होती आणि ओढत होती. गाठी सुटत गेल्या, धागे तुटत गेले, आणि शेवटची गाठ सुटली तेव्हा शेला पसरला. असा गडद लाल दरबाराने कधी पाहिला नव्हता, आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचे मोर होते. तो फिका नव्हता. कधीच नव्हता.

हत्ती आधी बाहेर आला आणि प्रधानाच्या चौरंगावर त्याचा पाय पडला. मग राजा आला, शेल्याचं टोक मुठीत घट्ट धरून. पट कोरा झाला आणि गोजराच्या हातात टर्रकन फाटला. तिने डोळे मिटले. मूठ सोडली नाही. मुठीत कापड असेल असं तिला वाटलं, पण तिथे हात होता, माणसाचा, गार पडलेला.

राजाने शेला खालपासून वरपर्यंत पाहिला. त्याची मान खाली गेली. "हिरडाईला सांगा, शेला पसंत आहे," तो म्हणाला. "आणि सांगा, की मी चुकलो." निरोप खंड्याने नेला, त्यामुळे तो सगळ्या काठाला कळला. हिरडाईने निरोप ऐकला, चूल विझवली, आणि चेटूक सोडून पुन्हा रंगाच्या कामाला लागली. राजा सिंहासनावर बसला. कारभार पूर्वीसारखा, जरा गोंधळाचा, सुरू झाला.

राहता राहिला भानजी. धुऊन धुऊन विटलेल्या धोतरासारखा तो झाला होता. केस, ओठ, डोळ्यांची बुबुळंसुद्धा उडालेली, काळ्या त्या फक्त मिशा. राजाने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या शाबूत रंगाच्या हातांकडे. भानजीने आपले हात उलटसुलट करून पाहिले.

"गोजरा," तो म्हणाला, "फार फिका झालो का गं मी?"

गोजराने डोळे पुसले. रंगाच्या बाबतीत ती खोटं बोलत नसे.

"झालात," ती म्हणाली. "पण तुम्हीच आहात."

मग तिने त्याचा हात धरला, आणि दोघं घरी गेली.